लहान मेंदू, लय आणि चुकीचा हिशोब

प्रति,
मा. संपादक,
रविवार पुरवणी

स. न. वि. वि.

ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत ताल आणि मेंदू यांचा संबंध सांगणारा लेख आला. विषय निवडल्याबद्दल मनापासून आभार, कारण मराठीत यावर फार थोडे लिहिले जाते. पण त्यातली तीन विधाने दुरुस्त व्हायला हवीत. लहान मेंदूचे काम तोल सांभाळणे एवढेच आहे, हे पहिले. तबलजीची लय लहान मेंदूत असते, हे दुसरे. एका पायावर उभे राहण्यासारख्या व्यायामांनी एकवीस दिवसांत मुलांचा लहान मेंदू तल्लख होतो आणि गणितही सुधारते, हे तिसरे. पहिले अपुरे आहे, दुसरे अर्धे खरे आहे, आणि तिसरे तर प्रयोगांतून जे दिसते त्याच्या विरुद्ध जाते. त्या तिसऱ्या विधानावर विसंबून पालक अशा व्यायामांच्या वर्गांवर पैसे खर्च करतात, म्हणून हे पत्र जरा लांबले तरी सगळे छापावे अशी विनंती.

तोलाची कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये फ्लूरां यांनी 1824 च्या सुमारास कबुतरांचा लहान मेंदू थोडा थोडा काढून पाहिला. पक्षी लुळे पडले नाहीत, पण त्यांच्या हालचालींतला मेळ गेला. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे लहान मेंदू असतो तिथे, गोळी लागलेले सैनिक ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी बारकाईने तपासले. त्यांचे हात हलत होते, पण हालचाल उशिरा सुरू व्हायची, ठिकाण ओलांडून पुढे जायची आणि थांबायलाही उशीर व्हायचा. म्हणजे बिघाड मुख्यतः वेळेचा आणि मापाचा होता. तोल जाणे हे त्याचे सर्वांत चटकन दिसणारे रूप, म्हणून तेच पाठ्यपुस्तकात राहिले.

या अवयवाची रचनाच सांगते की काम मोठे आहे. वजनाने तो सगळ्या मेंदूच्या साधारण दहावा हिस्सा. पण 2009 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी पेशी मोजल्या तेव्हा मेंदूतल्या सुमारे 8600 कोटी चेतापेशींपैकी सुमारे 6900 कोटी लहान मेंदूत निघाल्या. त्यांतल्या जवळजवळ सगळ्या ग्रॅन्युल नावाच्या इवल्या पेशी आहेत. प्रत्येकीला सरासरी चारच ठिकाणांहून बातमी मिळते आणि ती आपला एक बारीक तंतू वर पाठवते. असे तंतू एकमेकांना समांतर धावतात आणि पुरकिंजे नावाच्या मोठ्या पेशींच्या पंख्यासारख्या फांद्यांतून आरपार जातात. एका पुरकिंजे पेशीवर या समांतर तंतूंचे दीड ते दोन लाख जोड असतात. त्याच पेशीला खालून, मेंदूच्या सर्वांत खालच्या भागातल्या, म्हणजे लंबमज्जेतल्या, ऑलिव्ह नावाच्या केंद्रकातून (चेतापेशींच्या पुंजक्यातून), वेलीसारखा चढत येणारा एकच तंतू मिळतो. तो सेकंदाला साधारण एकदाच बोलतो, पण बोलला की अख्खी पेशी हादरते. एकीकडे लाखो कुजबुजी आणि दुसरीकडे एकच जोरदार थाप, अशी ही विषम जोडणी आहे. लहान मेंदूचा जवळजवळ प्रत्येक सिद्धांत इथूनच निघतो.

सिद्धांताची गरज का पडली, हे तबल्यावरूनच समजते. आवाज ऐकून हाताने प्रतिसाद द्यायला निरोगी तरुणालाही साधारण 150 मिलिसेकंद लागतात. मिनिटाला 240 मात्रांची द्रुत लय धरली तर एक मात्रा 250 मिलिसेकंदांची झाली. तिची चौगुन केली, म्हणजे एका मात्रेत चार बोल बसवले, की दोन बोलांत 62.5 मिलिसेकंद उरतात. एका बोलाची चूक कानाला कळून दुरुस्ती हातापर्यंत पोचेपर्यंत पुढचे दोन बोल वाजून गेलेले असतात. ऐकून सावरणे इथे चालतच नाही. पुढे काय होणार याचा अंदाज आधी तयार हवा, आणि झालेली चूक पुढच्या खेपेचा अंदाज सुधारण्यासाठी वापरली गेली पाहिजे.

1969 मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड मार यांनी, वयाच्या 24 व्या वर्षी, हे काम लहान मेंदूवर सोपवणारा सिद्धांत मांडला. समांतर तंतू 'आत्ता काय चालले आहे' ते सांगतात आणि चढता तंतू 'हे शिकायचे आहे' अशी खूण करतो. दोन्ही एकदम आले की त्या वेळी जागे असलेले जोड बदलतात. 1971 मध्ये नासात काम करणारे अभियंते जेम्स अल्बस स्वतंत्रपणे जवळजवळ तिथेच पोचले. फरक एका गोष्टीत होता. मार म्हणाले जोड बळकट होतील, अल्बस म्हणाले कमजोर होतील. हा मतभेद किरकोळ नव्हता, कारण तो प्रयोगाने निकाली काढता येत होता. पुरकिंजे पेशी पुढच्या पेशींना दाबून ठेवते, हे जपानच्या इतो आणि योशिदा यांनी 1964 मध्येच दाखवले होते. तिच्यावरचा जोड कमजोर झाला की दाब सुटतो आणि हालचालीला वाट मिळते. 1982 मध्ये इतो यांच्याच गटाला सशाच्या लहान मेंदूत जोड कमजोर होताना दिसला. या मुद्द्यावर अल्बस बरोबर ठरले.

हे मोजतात कसे, तेही सांगायला हवे, कारण निकालावर किती भरवसा ठेवायचा हे पद्धतीवर ठरते. उंदराच्या लहान मेंदूचा 200 ते 300 मायक्रोमीटर जाडीचा काप 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या क्षारद्रावणात जिवंत ठेवतात. काचेच्या सूक्ष्म नळीने एक पुरकिंजे पेशी पकडतात. समांतर तंतू आणि चढता तंतू यांना जोडीने, सेकंदाला एकदा, पाच मिनिटे विजेचे झटके देतात. नंतर निदान अर्धा तास समांतर तंतूंचा एकट्याचा प्रतिसाद किती उतरला ते पाहतात. इथली नेहमीची फसगत अशी की काचेच्या नळीचे तोंड हळूहळू बुजत जाते आणि प्रतिसाद आपोआप लहान दिसू लागतो. जोड मात्र होता तसाच असतो. म्हणून प्रत्येक मापाबरोबर नळीचा विद्युतरोध तपासावा लागतो, आणि तो सरकला तर ती पेशी बाद करावी लागते.

दुसरी फसगत वेळेची होती आणि ती बरीच वर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही. बहुतेक जण दोन्ही झटके जवळजवळ एकाच क्षणी देत. पण खऱ्या आयुष्यात चुकीची बातमी उशिरा येते. डोळ्याची हालचाल चुकली हे कळून चढता तंतू बोलेपर्यंत साधारण 120 मिलिसेकंद जातात. 2016 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने उंदरांत दाखवले की डोळ्यांच्या हालचाली सुधारणाऱ्या भागातले जोड नेमक्या 120 मिलिसेकंदांच्या अंतराने झटके दिले तरच कमजोर होतात. म्हणजे बातमीला किती उशीर होतो, ते त्या जोडाच्या घडणीतच धरलेले आहे. आमच्या मते गेल्या काही दशकांतला हा सर्वांत सुंदर निकालांपैकी एक आहे.

ससा आणि पापणी यांचा प्रयोग याहून साधा आणि जास्त पक्का आहे. सशाला 350 मिलिसेकंदांचा सूर ऐकवतात. त्याच्या शेवटच्या 100 मिलिसेकंदांत डोळ्यावर हवेची फुंकर मारतात. काही दिवस, रोज शंभराच्या आसपास खेपा. मग ससा फुंकर येण्याआधीच पापणी मिटू लागतो, आणि फुंकर येण्याच्या क्षणाला ती पूर्ण मिटलेली असते. सुराची सुरुवात आणि फुंकर यांतले अंतर 100 मिलिसेकंदांपेक्षा बरेच कमी ठेवले तर तो शिकत नाही, आणि सेकंदापलीकडे नेले तर शिकणे मंदावते. मॅककॉर्मिक आणि थॉम्सन यांनी 1984 मध्ये दाखवले की त्याच बाजूच्या लहान मेंदूतले एक छोटे खोल केंद्रक काढले की शिकलेली मिटणी जाते, पण फुंकरीवरची उपजत मिटणी तशीच राहते.

यावर रास्त शंका निघाली. आठवण तिथे असते, की तिथून नुसता हुकूम बाहेर जातो? त्याचे उत्तर 1993 च्या प्रयोगाने दिले. शिकवणी चालू असताना औषधाने ते केंद्रक तात्पुरते बधिर केले. औषध उतरल्यावर ससा कोराच निघाला आणि त्याला पहिल्यापासून शिकावे लागले. मग वाटेतले पुढचे ठाणे, म्हणजे लाल केंद्रक, तसेच बधिर केले. शिकवणीभर पापणी मिटली नाही, पण औषध उतरताच शिकलेली मिटणी आपसूक दिसली. आठवण पुढच्या ठाण्यात नव्हती, मागे लहान मेंदूत होती. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. लहान मेंदूच्या वरच्या सालीला इजा झाली तर मिटणी राहते, पण वेळ बिघडते आणि पापणी फार लवकर मिटते. म्हणजे 'केव्हा' हे पुरकिंजे पेशींच्या थरात शिकले जाते.

सिद्धांत पूर्ण सिद्ध झाला असे मात्र म्हणू नये. 2011 मध्ये नेदरलँड्सच्या गटाने जोड कमजोर होण्याची क्षमता नसलेले तीन प्रकारचे उंदीर तपासले आणि ते डोळ्यांच्या हालचाली आणि पापणी मिटणे नीट शिकले. याचा सरळ अर्थ असा की शिकण्याची जागा एकच नाही. जोड बळकटही होतात, मधल्या पेशी बदलतात, खोल केंद्रकही बदलते. ग्रॅन्युल पेशींपैकी एका वेळी फार थोड्या जाग्या असतात, हे मार यांचे गृहीतही 2017 मध्ये जाग्या उंदरांच्या चित्रणात डळमळले, कारण अपेक्षेपेक्षा पुष्कळ पेशी एकदम उजळल्या. चाळीस-पन्नास वर्षे टिकलेला सिद्धांत प्रयोगापुढे वाकतो, यात त्याचा कमीपणा नाही. तो वाकतो आहे हे वाचकांना सांगितले पाहिजे, एवढेच.

आता लयीकडे. आयव्हरी आणि कील यांनी 1989 मध्ये दाखवले की लहान मेंदूला इजा झालेल्यांना टिचक्यांची लय धरणे जड जाते, आणि दोन आवाजांमधले अंतर लांब की आखूड हे ओळखणेही जड जाते. 'लय लहान मेंदूत' हे विधान बहुधा इथून आले असावे. पण 2010 मध्ये इंग्लंडच्या गटाने फरक केला. लहान मेंदू झिजलेल्या रुग्णांना सुटे अंतर मोजणे जमेना, म्हणजे दोन ठोक्यांतली जागा, जिला मागेपुढे काही आधार नाही. पण एकसारख्या ठोक्यांची रांग चालू असेल आणि तिच्या आधाराने ओळखायचे असेल तर त्यांचे फारसे अडत नव्हते. चालू लयीचा आधार घेण्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया या गाठींचा मोठा हात दिसतो. म्हणून तीनतालाचा ठेका चालू असताना समेवर येणे आणि ठेका नसताना एका तिहाईतला (तीनदा वाजवल्या जाणाऱ्या तुकड्यातला) दम, म्हणजे मधली रिकामी जागा, अचूक मोजणे ही मेंदूच्या दृष्टीने एकच गोष्ट नाही. ग्वाल्हेरच्या संगीतरसिकांना हा भेद पटकन कळेल.

लय किती पक्की आहे ते घरच्या घरी मोजताही येते, आणि आपल्या शहरातल्या संगीत महाविद्यालयांत हा प्रयोग सहज व्हावा. मेट्रोनोम (ठरावीक चालीने ठोके देणारे यंत्र) 550 मिलिसेकंदांवर ठेवा, म्हणजे मिनिटाला 109 ठोके. विद्यार्थ्याने 12 ठोके बरोबरीने टेबलावर बोटाने वाजवावेत. मग मेट्रोनोम बंद करून त्याच चालीने पुढचे 31 ठोके एकट्याने वाजवावेत. ध्वनिमुद्रण मोबाइलवर करा, पण त्यातली आवाज साफ करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर ती ठोक्याची सुरुवातच खाऊन टाकते. ब्लूटूथचे कानातले नकोत, कारण त्यांचा उशीर दहा-वीस नव्हे, शंभर मिलिसेकंदांच्या वरही जातो. ऑडॅसिटीसारख्या संगणकावरच्या मोफत ध्वनिसंपादकात प्रत्येक ठोक्याची सुरुवात पाहून 30 अंतरे लिहून काढा. अशा निदान सहा फेऱ्या घ्या.

आता या अंतरांच्या चढउतारांत दोन दोष मिसळलेले असतात, मनातल्या घड्याळाचा आणि हाताचा. ते वेगळे करण्याची युक्ती विंग आणि क्रिस्टोफरसन यांनी 1973 मध्ये दिली. हात एका ठोक्याला उशिरा पडला तर मागचे अंतर वाढते आणि पुढचे तेवढेच घटते. घड्याळाची चूक तसे करत नाही. म्हणून लागोपाठच्या अंतरांचा सहविचरणांक काढायचा, म्हणजे सरासरीपासूनच्या त्यांच्या फरकांच्या गुणाकारांची सरासरी. तो ऋण येतो आणि त्याचे चिन्ह बदलले की हाताचे विचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) मिळते. एकूण विचरणातून त्याची दुप्पट वजा केली की उरते ते घड्याळाचे. समजा एकूण विचरण 400 वर्ग मिलिसेकंद आणि सहविचरणांक उणे 80 आला. मग हाताचे 80 आणि घड्याळाचे 240. वर्गमूळ काढले की हात सुमारे 9 मिलिसेकंद चुकतो आणि घड्याळ सुमारे 15.5. आयव्हरी आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये हीच रीत रुग्णांवर वापरली. लहान मेंदूच्या बाजूच्या भागाला इजा असलेल्यांचे घड्याळ बिघडलेले निघाले आणि मधल्या भागाला इजा असलेल्यांचा हात.

या हिशोबात बहुतेकदा एकाच ठिकाणी घोळ होतो. विद्यार्थी नकळत लय वाढवत नेतो. मग सगळी अंतरे एका दिशेने सरकतात, सहविचरणांक धन येतो आणि हाताचे विचरण ऋण निघते, जे शक्यच नाही. म्हणून आधी प्रत्येक फेरीतली सरळ रेषेतली घसरण काढून टाकावी. मेट्रोनोम चालू असतानाचे ठोके हिशोबात धरू नयेत, कारण तिथे माणूस ऐकून सावरत असतो. आणि मनात ठेका म्हणत वाजवायचे की न म्हणता, ते आधी ठरवून सगळ्यांना सारखे सांगावे. नाहीतर वर सांगितलेले दोन प्रकार, सुटे अंतर मोजणे आणि चालू लयीचा आधार घेणे, एकमेकांत मिसळतील.

एकवीस दिवसांच्या वर्गांचा मुद्दा याच धाग्यातला आहे. लहान मेंदूचे शिकणे फार नेमके असते, एका कामाचे दुसऱ्याला सहसा लागू पडत नाही. चष्म्यावर 20 प्रिझम डायॉप्टरचे (1 मीटरवर 20 सेंटिमीटर बाजूला दाखवणारे) लोलक, दोन्हींचे पाये (जाड कडा) एकाच बाजूला, असे लावून 2 मीटरवरच्या फळ्यावर ओल्या मातीचे गोळे मारले तर पहिले गोळे साधारण 40 सेंटिमीटर बाजूला पडतात. पाये विरुद्ध बाजूंना लागले तर एकाचे दोन दिसते आणि प्रयोग फसतो. वीस-तीस फेकींत नेम सुधारतो. चष्मा काढल्यावर गोळे उलट्या बाजूला पडतात, आणि शिकणे खरोखर झाले याचा पुरावा तोच. लहान मेंदूला इजा असेल तर बहुधा नेमही सुधारत नाही आणि चष्मा काढल्यावर उलटी चूकही होत नाही. फेकणाऱ्याला 'डावीकडे मार' असे सांगू नये, कारण मग तो विचार करून मारतो आणि उलटी चूक घटते. खेळ संपला तरी पुन्हा वीस गोळे बिनचष्म्याने मारल्याशिवाय कोणी जिना उतरू नये की दुचाकीला हात लावू नये. 1996 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुई इथल्या गटाने असेच गोळे मारून घेतले. खांद्यावरून फेकून कमावलेला नेम बहुतेकांच्या बाबतीत खालून फेकताना उपयोगी पडला नाही, आणि तो दुसऱ्या हातातही गेला नाही. एकाच हाताच्या दोन फेकींत जे पोचत नाही ते एका पायावर उभे राहण्यातून पाढ्यांपर्यंत पोचेल, असे मानायला कारण दिसत नाही. लहान मेंदूचा भाषेशी आणि विचाराशी संबंध आहे, हे श्माहमन आणि शर्मन यांनी 1998 मध्ये रुग्णांत दाखवले, ते खरेच. पण त्यातून व्यायामाने गणित सुधारते हे निघत नाही. पालकांनी अशा वर्गात विचारावे की सुरुवातीला काय मोजले, शेवटी काय मोजले, आणि वर्गात न आलेल्या तशाच मुलांचे तेच माप किती भरले. लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था 1957 पासून आपल्याच शहरात आहे आणि हालचाल शिकण्याचे शास्त्र तिथे शिकवले जाते. पुढच्या लेखाआधी तिथल्या अध्यापकांशी बोलता येईल.

तोलाबद्दल एक गोष्ट लेखात असायलाच हवी होती. लहान मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटला तर हातापायांतली ताकद अनेकदा शाबूत असते, चेहरा वाकडा होत नाही. एकाएकी गरगरणे, उलट्या, डोकेदुखी आणि आधाराशिवाय उभे राहता न येणे एवढेच दिसते, आणि घरचे त्याला पित्त समजतात. सूज वाढली तर समोरचे मेंदूखोड, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग, दाबले जाते. अशा माणसाला लिंबूपाणी देऊन निजवू नये, लगेच मेंदूचे चित्रण होणाऱ्या रुग्णालयात न्यावे.

लेखासोबतच्या चित्रातही चूक आहे. 'लहान मेंदू' असा बाण ज्या भागाकडे दाखवला आहे ते मेंदूखोड आहे. लहान मेंदू त्याच्या मागे, मोठ्या मेंदूच्या मागच्या टोकाखाली असतो, आणि त्याच्यावरच्या घड्या मोठ्या मेंदूपेक्षा बारीक आणि जवळजवळ समांतर असतात. चित्र पुन्हा छापाल तेव्हा बाण तिथपर्यंत मागे न्यावा.

आपले,
शरीरक्रियाशास्त्र आणि भौतिकी शिकवणारे तिघे,
लष्कर, ग्वाल्हेर